कृष्णाकाठची जोडसायकल

कृष्णा नदी वाई सोडून सांगलीकडे निघते ती उताराने, पण घाईने नव्हे. सह्याद्रीतला अवखळपणा तिने धोमच्या धरणामागे ठेवलेला असतो. पुढे वेण्णा, तारळी, कोयना, येरळा, वारणा यांना आपल्यात सामावून घेत ती वळणावळणाने जाते, आणि कऱ्हाडच्या खाली तर तिच्या काठची जमीन इतकी सपाट होते की सायकलस्वाराला चढाचा विसर पडावा. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी या रस्त्यांवर सायकल चालवली असेल. कुणी शाळेसाठी, कुणी दुधाच्या किटल्या अडकवून, कुणी कारखान्याच्या पहिल्या पाळीला पोहोचण्यासाठी. त्या वयात ते साधन होते. उतारवयात तेच औषधाच्या जवळचे काही होऊ शकते का, हा आजच्या लेखाचा विषय.

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. निवृत्त जोडपी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातात, एखाद्या खेड्यात मुक्काम करतात, सकाळी पुन्हा निघतात. आपल्याकडे असा आखीव मार्ग नाही. मात्र नदी आहे, दर तीन-चार किलोमीटरवर गाव आहे, प्रत्येक गावाला देऊळ, पार आणि चहाची टपरी आहे. शिवाय सातारा ते सांगली रेल्वेमार्ग नदीच्या सोबतीने धावतो: रहिमतपूर, तारगाव, मसूर, कऱ्हाड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. थकलेल्या माणसाला परतीची सोय एवढी जवळ असणे ही लहान गोष्ट नव्हे.

गेल्या पौषात आम्ही दोघांनी वाई ते सांगली हा सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास पाच टप्प्यांत केला. मी सदुसष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक. माझी पत्नी चौसष्ट वर्षांची, आणि गेली सात वर्षे तिला पार्किन्सनचा आजार आहे. सायकल एकच होती, दोन सीटांची. पुढे मी, मागे ती.

पार्किन्सन, ज्याला आपण कंपवात म्हणतो, त्यात मेंदूतील डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. हात थरथरतो ते लोकांना दिसते. खरा जाच असतो तो हालचाल मंदावण्याचा, अंग ताठरण्याचा, आवाज बारीक होण्याचा आणि चालता चालता पाय जमिनीला खिळण्याचा. उंबऱ्यापाशी, दाराच्या चौकटीत, गर्दीत माणूस एकाएकी थबकतो. पुढे जायचे असते, पण पाऊल उचलत नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना हे वर्णन नवे नाही. ज्यांच्या घरी नाही त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की अशा वेळी रुग्णाला ओढू नये, 'चल, चल' असा धोशा लावू नये. जमिनीवर काठी आडवी धरली आणि ती ओलांडायला सांगितले, किंवा 'एक-दोन' असा ठेका दिला, तर अनेकदा पाऊल सुटते.

आता विस्मयाची गोष्ट सांगतो. इ. स. २०१० मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी एका अठ्ठावन्न वर्षांच्या रुग्णाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. हा गृहस्थ चालताना जागच्या जागी खिळत असे, चार पावलेही त्याला धड टाकता येत नसत. त्याला सायकलवर बसवले तर तो सफाईने चालवी, वळवी आणि थांबवी. उतरला की पुन्हा पाय खिळत. पायडलांची एकसारखी फिरकी मेंदूला तो ठेका पुरवत असावी, असा त्यामागचा एक तर्क आहे. त्याआधी, २००३ साली, अमेरिकेतील जे अल्बर्ट्स हे संशोधक पार्किन्सन झालेल्या एका स्त्रीबरोबर जोडसायकलवरून आयोवा राज्य पार करत असताना तिच्या हस्ताक्षरात सुधारणा झाल्याचे आढळले. पुढच्या स्वाराच्या वेगामुळे मागच्याचे पाय त्याच्या स्वतःच्या गतीहून अधिक वेगाने फिरतात, त्याचा हा परिणाम असेल का, हे तपासण्यासाठी त्यांनी नंतर प्रयोग केले. निष्कर्ष आशादायक आहेत. मात्र सायकल हा पार्किन्सनवरचा उपाय नव्हे. तिने आजार बरा होत नाही आणि गोळ्या बंद होत नाहीत. जो कुणी तसे सांगेल त्याच्यापासून दूर राहावे.

आमच्या घरात या बेतावरून महिनाभर वाद झाला. मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. "बाबा, आई पडली तर? खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं कोण निस्तरणार?" तोलाचा आजार असलेल्या माणसाला दोन चाकांवर बसवणे हा धोका आहेच. पत्नी बराच वेळ गप्प होती. नंतर तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "घरातही पडतेच की रे मी. न्हाणीघरात दोनदा पडले, तेव्हा कुठे सायकलवर होते?"

वाचकहो, रुग्णाची काळजी घेणाऱ्या आपल्यासारख्यांपुढे हाच पेच सतत उभा असतो. जपणे कुठे संपते आणि कोंडणे कुठे सुरू होते? ती मंडईत एकटी जात नाही, कारण आपण जाऊ देत नाही. जिना चढत नाही, कारण आपण चढू देत नाही. प्रत्येक मनाई स्वतंत्रपणे रास्त असते, आणि सगळ्या मिळून माणसाचे जग एका खोलीएवढे होते. मला वाटते की धोका किती पत्करायचा हे ठरवताना ज्याचे शरीर आहे त्याचे मत पहिले मोजावे. मिरजेच्या डॉक्टरांनी तिची हाडांची घनता, बसता-उठतानाचा रक्तदाब आणि हृदय तपासले. एकटीने सायकल चालवायला त्यांनी स्पष्ट मनाई केली, जोडसायकलला अटींसह होकार दिला. त्यानंतर मुलगा म्हणाला, "मग मी गाडी घेऊन मागे येतो." त्याने रजा काढली.

तयारीला तीन महिने लागले. सायकल पुण्याहून जुनी घेतली आणि साताऱ्यातल्या मिस्त्रीकडून मागची बाजू बदलून घेतली. सीट रुंद आणि खाली, पायडलांना ओढताच सुटणारे पट्टे. बसताना आधी मी दोन्ही पाय रोवून सायकल धरायची, मग ती बसायची. ती नीट स्थिरावली की "एक, दोन, तीन" असे तिनेच म्हणायचे. अडचण निघाली ती आवाजाची. वाऱ्यात मागून तिचे बोलणे मला ऐकू येईना. शेवटी तिच्या हँडलला पितळी घंटी बसवली. एकदा वाजली की हळू, दोनदा वाजली की थांबायचे. का, हे विचारायचे नाही. हा करार आम्ही अखेरपर्यंत पाळला.

ज्या वाचकांना असा आजार नाही, केवळ वय झाले आहे आणि गुडघे कुरकुरतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. सायकलवर शरीराचा भार बराचसा सीट पेलते, म्हणून झिजलेल्या गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा सुसह्य वाटते. सीट फार खाली असेल तर मात्र गुडघा अधिक दुमडतो आणि दुखणे वाढते. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेले असता पाय सरळ व्हावा, एवढी उंची ठेवावी. जड गिअरवर जोर लावण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत. वेग किती असावा याचे साधे माप म्हणजे सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, आणि त्याबरोबर तीन दिवस तोलाचे व्यायाम. सायकलने हाडे बळकट होत नाहीत, त्यासाठी चालणे हवेच. वयाचे म्हणाल तर रोबेर मार्शां या फ्रेंच गृहस्थांनी जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, पॅरिसजवळच्या सायकल-धावपट्टीवर एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापले. पद्धतशीर सरावाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता शंभरी ओलांडल्यानंतरही वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपण मार्शां व्हावे असे नाही, पण 'आता या वयात काय' हे वाक्य जरा जपून वापरावे.

आता वाटेकडे वळू. पहिल्या दिवशी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची ती मोठी घंटा पाहिली आणि वाईतून निघालो. पुणे-बंगळूर महामार्ग शक्य तेवढा टाळला आणि लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहून साताऱ्यात घरीच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी संगम माहुली. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. काळ्या दगडाच्या देवळांच्या पायऱ्या उंच आहेत, पत्नी वरच बसली. थंडीत नदीवर धुके होते. ते विरेपर्यंत आम्ही निघालो नाही, कारण धुक्यात वृद्ध डोळ्यांना समोरचे वाहन फार उशिरा दिसते. रहिमतपूरच्या वाटेवर एका शेतात हुरडा चालला होता. शेतकऱ्याने हाक मारून बसवले. जोडसायकल पाहून तो आधी हसला, मग पत्नीचा थरथरता हात पाहून गप्प झाला आणि म्हणाला, "माझ्या आईलाबी हेच हुतं. आमी तिला अंगणाभाईर जाऊ दिली न्हाई." एवढेच बोलून तो गरम कणसे चोळू लागला.

तिसऱ्या दिवशी मसूरवरून कऱ्हाड. मसूरचा मारुती समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक. बलोपासनेचे हे दैवत या खोऱ्यात पावलोपावली भेटते. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथे एक दिवस पूर्ण विसावा घेतला. सलग दोन-तीन दिवसांनंतर एक दिवसाची विश्रांती ज्येष्ठांनी आधीच आखून ठेवावी, थकवा आल्यावर नव्हे.

पाण्याविषयी जरा मोकळेपणाने बोलले पाहिजे. प्रवासात स्त्रिया, विशेषतः वयस्क स्त्रिया, पाणी कमी पितात, आणि त्याचे कारण तहान नसणे हे नसते. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, उभे राहताना भोवळ असे त्रास उद्भवतात. पार्किन्सनमध्ये तर बद्धकोष्ठ आणि रक्तदाब घसरणे आधीच पाचवीला पुजलेले. आम्ही टप्पे आखताना देवळे किंवा टपऱ्या मोजल्या नाहीत. पेट्रोल पंप, एसटी स्थानके आणि ओळखीची घरे मोजली. एका स्थानकावरचे स्वच्छतागृह कुलूपबंद होते. शेजारच्या घरातील बाईंनी विचारण्याआधीच दार उघडले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर प्रवासातील तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. मधुमेहींनी खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत, साताऱ्याचे कंदी पेढे हा त्यासाठीचा बहाणा होऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील आणि डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे. छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, थंड घाम यांपैकी काही झाले तर तिथेच थांबून १०८ क्रमांक फिरवावा, 'पुढच्या गावात बघू' म्हणू नये.

कऱ्हाडनंतरचा दिवस भोगीचा होता. रेठऱ्याकडून बहे गावाकडे निघालो. ऊसतोडीचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, रस्त्यावर पसरलेले पाचट. या दिवसांत कृष्णाकाठी सायकल न्यायची तर सकाळी उजाडल्यावर निघावे आणि सूर्य कलण्याआधी थांबावे. बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. एका साखर कारखान्याच्या फाट्यावर वाहनांची रांग लागली आणि आम्ही तासभर अडकलो. जेवण लांबले, गोळीची वेळही सरकली. पार्किन्सनच्या मुख्य गोळीचे एक गणित असते. ती शक्यतो रिकाम्या पोटी, जेवणाआधी घ्यावी लागते, प्रथिनयुक्त जेवणाबरोबर तिचा गुण कमी येतो, आणि काही तासांनी तिचा अंमल ओसरतो. अंमल चढलेला असतानाच व्यायाम करायचा असतो.

बह्याच्या पुलाच्या तोंडाशी घंटी दोनदा वाजली. मी थांबलो. ती उतरली, आणि उतरताच खिळली. मागून उसाची ट्रॉली येत होती, पुढे अरुंद पूल. तिचा चेहरा निर्विकार होता. या आजारात चेहऱ्यावर भीतीही उमटत नाही, ती हाताच्या पकडीतून कळते. मी तिच्या पावलापुढे माझी छत्री आडवी टाकली. "ओलांडायचीय," म्हणालो. पहिल्यांदा जमले नाही. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि मागच्यांना हात दाखवून उभा राहिला. त्या शांततेत ती पुटपुटली, "एक, दोन..." आणि तीनला पाय उचलला गेला. आम्ही कठड्यावर बसलो. गोळी दिली. चाळीस मिनिटे खाली नदी, मध्यभागी रामलिंगाचे बेट, आणि वर आम्ही. मुलगा गाडी लावून येऊन बसला. पुढचा रस्ता गाडीने करू असे तो म्हणेल असे मला वाटत होते. त्याने फक्त विचारले, "आई, दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही. भाकरी काढ."

बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. मग ती परत सीटवर बसली.

संध्याकाळी किर्लोस्करवाडी. सायकलने तिथे जाण्यात एक औचित्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली, आणि १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळरानावर ही वाडी वसली. हेच ते बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रसार केला. आरोग्याच्या नियतकालिकात त्यांचे नाव न घेणे कृतघ्नपणाचे ठरेल, जरी पत्नीला सध्या सूर्यनमस्कारातील वाकणे वर्ज्य असले तरी.

संक्रांतीला औदुंबर गाठले. दत्ताचे स्थान, पैलतीरावर भुवनेश्वरी, आणि संक्रांतीला भरणारी साहित्य संमेलनाची जुनी परंपरा. मांडवात मागे बसून तिने एक भाषण ऐकले, दुसऱ्याला डुलकी घेतली. तिथून ब्रह्मनाळची बाजू धरून सांगली. २०१९च्या महापुराच्या खुणा भिंतींवर अजून दिसतात. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. जानेवारीत तीच नदी पुलाखालून अशी सरकत असते की खरे वाटू नये.

तिच्या हस्ताक्षराचे काय झाले, हे आपण विचाराल. ती रोज रात्री खर्चाची वही लिहिते. मी पाने ताडून पाहिली. रहिमतपूरचे पान मोठे, टपोरे. बह्याच्या दिवसाचे मुंगीच्या पावलांसारखे. सांगलीचे मधले. यावरून काही सिद्ध होत नाही. झोप मात्र सुधारली, आणि पोटाची तक्रार कमी झाली. ते टिकवण्यासाठी आता घरी जागेवरची सायकल आणली आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी सुरुवात तिथूनच करावी, भक्कम बैठक आणि पाठीला टेका असलेली घ्यावी. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटाची ओळख करून घ्यावी. तिथे पोहोचले की काळजीवाहकालाही आपण एकटे नाही हे उमगते. काळजीवाहकाची पाठ, झोप आणि रक्तदाब हेही तपासण्याचे विषय आहेत, हे मी स्वतःच्या पाठीला मालिश करवून घेत लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे हरिपूरला गेलो, वारणेच्या संगमावर. सायकल गाडीमागे बांधलेली होती. हळदीच्या पेवांविषयी मी मुलाला सांगत होतो, त्याचे लक्ष नव्हते. तो म्हणाला, "बाबा, जरा मी बसू पुढे?" त्याने सायकल उतरवली, पाय रोवले, आई मागे बसली, "एक, दोन, तीन" झाले. चिंचांच्या रस्त्याने दोघे दूर गेले. त्याचा वेग माझ्याहून बराच जास्त होता. वळणाजवळ घंटी दोनदा वाजल्याचे ऐकू आले. तो तिथल्या तिथे थांबला.